बेंजो पार्टीच्या जुन्या कॅसेटचा हळदीसाठी रिमिक्स : कामाच्या नोंदी

मामाच्या बेंजो पार्टीने १९९४ साली पनवेलच्या एका छोट्या स्टुडिओत हळदीची गाणी रेकॉर्ड केली होती. त्यातल्या एका गाण्याचा रिमिक्स करायचाय, मे महिन्यात उरणला मामेबहिणीची हळद आहे तिथे वाजवायला. ऑनलाइन जे शिकवतात ते बहुतेक सगळं क्लिकवर (म्हणजे ठरलेल्या टिक-टिकवर) वाजवलेल्या, चार-चारच्या ठेक्यातल्या गाण्यांसाठी असतं. आपल्याकडची जुनी रेकॉर्डिंग तशी नाहीत. ढोलकी, बेंजो, पेटी, गाणारी बाई आणि कोरस सगळे एका खोलीत एका दमात वाजवतात, ठेका हळूहळू चढत जातो, कॅसेटचा स्पीड वेगळाच असतो. अशा गाण्यावर काम करताना काय अडतं आणि त्यावर काय चाललं ते लिहून ठेवतोय, म्हणजे कुणाला घरच्या कॅसेटवर हेच करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा वाचेल.

सामान: जुना आय-फाइव्ह लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर रीपर, त्याची ६० दिवसांची ट्रायल पूर्ण चालते, मग वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं आहे म्हणजे पाच हजाराच्या वर जातं. आवाज वेगळे करायला अल्टिमेट व्होकल रिमूव्हर, ते फुकट आहे. डेक आणि माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, सेकंडहँड ३,५०० ला घेतला.

११ जानेवारी : परवानगी

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे केलं आणि ते आधीच करावं असं माझं ठाम मत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा) गाण्याचे शब्द, चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग हे तिन्ही हक्क वेगवेगळे असतात. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. दोन हजारच्या आसपास रिमिक्सची जी लाट आली होती ती कलम ५२ मधल्या एका पोटकलमाच्या आधाराने आली, गाणं येऊन दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून नव्याने गाऊन काढता यायचं. २०१२ च्या दुरुस्तीत ते पोटकलम गेलं आणि ३१-सी आलं, आता मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. आणि हेसुद्धा नव्याने गायलेल्या व्हर्जनसाठी. मूळ रेकॉर्डिंगचाच तुकडा कापून वापरायचा असेल तर ज्याच्या मालकीचं ते आहे त्याची परवानगी लागतेच. शिवाय यूट्यूबवर टाकलं की त्यांची कंटेंट आयडी ही आपोआप गाणं ओळखणारी यंत्रणा जुळवणी करते, पिच थोडा वरखाली केला तरी बऱ्याचदा सापडतं.

म्हणून सिनेमाचं किंवा कंपनीचं गाणं घेतलंच नाही. या कॅसेटच्या वेळी स्टुडिओचे पैसे मामाने भरले होते, रेकॉर्डिंग त्यानेच करून घेतलं होतं. शब्द गावातले पारंपरिक, दोन कडवी मोठ्या मावशीने जोडलेली, गायलीय पण तिनेच. दोघांच्या साध्या कागदावर सह्या घेतल्या. बेंजो वाजवणारे काका आता नाहीत, त्यांच्या मुलाला घरी जाऊन विचारलं, तो लगेच हो म्हणाला. पेटीवाले आणि कोरसमधले जे आहेत त्यांना मामाने फोन केले.

१८ जानेवारी : कॅसेट वाजेपर्यंत

पूर्ण दिवस यातच गेला. घरातल्या डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला होता, जुन्या डेकमध्ये हे हमखास होतं. तो पुसून काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, नुसत्या फडक्याने अजून पसरतो. बेल्ट ८० रुपये, बसवायचे कारागिराने ३५० घेतले.

मग कॅसेट लावली तर आवाज एकदम दबका, मध्येच वर यायचा. कॅसेटच्या आत टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा बारीक तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो पडला होता. ही कॅसेट पाच स्क्रूंची होती म्हणून वाचलो, उघडून दोन्ही रिळं तशीच उचलून दुसऱ्या एका फालतू कॅसेटच्या शेलमध्ये ठेवली. चिकटवलेलं शेल असेल तर कडेने ब्लेड घालून फोडावं लागतं. रिळं उचलताना टेप कुठल्या बाजूने कुठल्या खांबावरून जाते त्याचा आधी फोटो काढा.

त्यानंतर सगळ्यात जास्त फरक पडला तो हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने. हेड टेपला अगदी काटकोनात नसेल तर वरचा आवाज मरतो. गाणं चालू ठेवून, आउटपुट मोनो करून, बारीक पेचकसने तो स्क्रू थोडा इकडे थोडा तिकडे फिरवायचा आणि फक्त झांज ऐकायची. एका जागी झांज एकदम उघडते, तिथे थांबायचं. झांजेवरची ही घोंगडी काढायला मी आधी इक्वलायझर लावणार होतो, त्याची गरजच उरली नाही.

रेकॉर्ड २४ बिटमध्ये, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. लॅपटॉपचा चार्जर काढून. चार्जर लावलेला असताना घूं असा आवाज येत होता, काढला की गेला.

२५ जानेवारी : पट्टी जुळेना

गाण्याखाली साधा सा-प लावून बघायला गेलो तर कुठल्याच सुराशी जुळेना. मामा म्हणतो आम्ही कायम काळी एकमध्ये गायचो. टेपवर पेटीचा सा मोजला तर साधारण २८३.७ हर्ट्झ आला, काळी एक म्हणजे २७७ च्या आसपास हवा. म्हणजे काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये, काळी एकपासून ४० सेंट वर (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट).

इथे दोन शक्यता होत्या. पेटीच चढी असेल, किंवा टेप जोरात पळत असेल. आधी वाटलं टेपवरच्या विजेच्या घुंईवरून ठरवता येईल, वीज ५० हर्ट्झची असते, टेपवर ती ५१ दिसली की टेप तेवढी जोरात. पण हे आपल्याकडच्या नव्वदच्या रेकॉर्डिंगला लावू नका, त्या काळात ग्रिडची फ्रिक्वेन्सीच बरीच खालीवर व्हायची. सुदैवाने ती पेटी अजून मामाच्या माळ्यावर आहे. खाली काढली, धूळ झटकली, तोच सा दाबून मोबाइलवर रेकॉर्ड केला, २७७ च्या अगदी जवळ. म्हणजे पेटी ठीक, टेप जोरात.

आता इथे पिच शिफ्ट (लय तशीच ठेवून नुसता सूर बदलणं) वापरायचा नाही. टेप जोरात पळाली म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकत्र चढलेत, तर दोन्ही एकत्रच उतरवायचे. रीपरमध्ये आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅक रेट ०.९७७ केला आणि रेट बदलताना पिच तसाच ठेवायची जी टिक असते ती काढली. त्यात आवाजाला कुठलाही कृत्रिम पोत येत नाही. मावशीचा आवाज लगेच तिचा वाटायला लागला, आधी तो थोडा लहान मुलीसारखा येत होता आणि इतकी वर्षं आम्ही तसाच ऐकत होतो.

हे झाल्यावर नवीन वेव्ह फाइल काढून ठेवली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर. एमपीथ्री करू नका, पुढे का ते येईलच.

२ फेब्रुवारी : आवाज वेगळे करणं

सगळ्यांना इथूनच सुरू करायचं असतं, मलाही होतं. त्या व्होकल रिमूव्हरमधलं डेमक्सचं मॉडेल लावलं, ते गाण्याचे चार भाग करतं: ड्रम, बेस, गायन आणि बाकीचं. माझ्या लॅपटॉपवर एका गाण्याला पंधराएक मिनिटं लागली.

निकाल असा. ढोलकी दोन तुकड्यांत फाटली, शाईची (काळ्या गोलाच्या बाजूची) टणक थाप ड्रममध्ये गेली आणि घुमणारी बाजू बेसमध्ये. बेंजो निम्मा गायनात निम्मा बाकीच्यात, आणि एकाच ओळीत इकडून तिकडे उड्या मारतो. पेटी मावशीच्या आवाजाला चिकटून राहिली. कोरसचं "हे हे" बाकीच्यात.

असं होण्याचं कारण सरळ आहे. ही मॉडेलं ज्या गाण्यांवर शिकतात ती प्रामुख्याने पाश्चात्त्य बँडची, ड्रमसेट, बेस गिटार, गायक. त्यांच्या चार डब्यांत ढोलकीला एक जागा नाही, कारण ती एकटीच ड्रम पण आहे आणि बेस पण. आणि बेंजो तर मावशीची चाल तिच्याबरोबर सुरासूर वाजवतो, दोन आवाज एकाच वेळी एकाच सुरावर असतील तर वेगळे काढणं अवघडच. वेगवेगळी मॉडेलं बदलून बघण्यात दोन रविवार घालवले, कुठे बेंजो कमी व्हायचा पण मावशीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा.

शेवटी ठरवलं की मूळ रेकॉर्डिंग पूर्णच वापरायचं आणि नवीन गोष्टी त्याच्या आजूबाजूला बसवायच्या. वेगळे काढलेले भाग टाकून मात्र दिले नाहीत, त्यांचे दोन उपयोग निघाले. एक, गायनाची पट्टी (वेगळी निघालेली फाइल) मूळ गाण्यावर हळूच मिसळली की मावशीचा आवाज दोन-तीन डेसिबल पुढे येतो आणि त्यातली घाण मूळ गाण्याखाली झाकली जाते. पण त्यासाठी दोन्ही फाइली अगदी तंतोतंत जुळलेल्या हव्यात. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, तेवढ्याने दोन आवाज एकमेकांना खातात आणि पोकळ नळीतून आल्यासारखं होतं. म्हणून वेव्हच. दुसरा उपयोग ढोलकीच्या पट्टीचा, तो १ मार्चच्या नोंदीत.

९ फेब्रुवारी : टेम्पो, आणि इथेच खरं काम

टेम्पो ओळखायला लावला तर आकडा आला १५६. त्यावर किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाचा धप्प ठोका) लावली तर भलतंच काहीतरी. हाताने टाळी मोजली तर १०४. दोन्ही बरोबर आहेत आणि तीच भानगड आहे. आपला हळदीचा ठेका सहाचा, एका झेपेत तीन मात्रा. पायाची झेप १०४ आहे, सॉफ्टवेअर मात्रा दोन-दोनच्या जोडीत मोजतं, १०४ गुणिले ३ भागिले २, १५६. कोळीगीत, हळद, लोकगीत यांवर काम करताना आकडा विचित्र आला तर आधी दीडने भागून बघा.

मी प्रोजेक्ट ४/४ मध्येच ठेवला, टेम्पो १०४ आणि ग्रिड (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघा) ट्रिपलेटचा, म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग. त्यामुळे किक बरोबर पायाच्या झेपेवर पडते आणि मधल्या मात्रा पण ग्रिडवर मिळतात. ६/८ लावूनही होतं, पण तयार किकचे लूप वगैरे ४/४ मध्ये पटकन बसतात.

आता पुढची अडचण. १०४ वर गाणं पहिल्या कडव्यापुरतं बसलं, बाकी सुटायला लागलं. सुरुवात १०१ ला आहे, पहिल्या कडव्यात १०४, मधल्या बेंजोच्या तुकड्यानंतर १०६, शेवटच्या धृपदात १०९. शेवटाकडे ग्रिड १०४ च ठेवला तर नुसत्या आठ ठोक्यांत ०.२ सेकंदाचा फरक पडतो, म्हणजे एक अख्खी मात्रा.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो, गाणं ताणून-आखडून ग्रिडला बसवा. एबलटन या रीपरसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये तर लांब फाइल टाकली की हे ताणणं (वॉर्पिंग) आपोआपच लागतं. मी रीपरमध्ये स्ट्रेच मार्कर लावून तसं पहिल्या दोन कडव्यांपुरतं केलं. तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर झालं, किक आणि ढोलकी एकावर एक. आणि गाणं मेलं. बसल्या जागी पाय हलेना. ठेका चढत जातो म्हणून तर हळदीला बायका शेवटच्या धृपदाला अंगणभर होतात, ते चढणंच काढून टाकलं तर नाचणार कशावर. झांजेच्या शेपटीवर ताणल्याचा खरखरीत आवाज येत होता तो वेगळाच.

सगळे स्ट्रेच मार्कर काढले आणि उलट केलं, ग्रिडच गाण्याप्रमाणे वाकवला. याला टेम्पो मॅप म्हणतात. पद्धत अशी:

सगळ्यात आधी गाण्याच्या आयटमचा टाइमबेस "टाइम" करायचा. हे राहिलं तर तुम्ही टेम्पो बदलला की गाणंही सरकतं आणि कितीही जुळवा, कधीच जुळत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. नवीन वाजवलेल्या सगळ्या गोष्टींचा, म्हणजे किक, बेस, टाळ्या यांचा टाइमबेस "बीट्स" ठेवायचा, त्या ग्रिडबरोबर हलल्याच पाहिजेत.

मग दर चार बारला (एक बार म्हणजे चार ठोके) एक टेम्पो मार्कर, म्हणजे टेम्पो बदलायची खूण. चार बारचा तुकडा ढोलकीच्या समेपासून समेपर्यंत सिलेक्ट करायचा आणि त्या सिलेक्शनवरून टेम्पो काढायला सांगायचा. ३ मिनिटं ४० सेकंदांच्या गाण्याला चोवीसेक मार्कर झाले. प्रत्येक ठोक्याला मार्कर लावायचा मोह होतो, तो टाळा, मी एका कडव्यात लावून बघितलं तर किक दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. माणसाचा ठेका चार बारमध्ये आतल्या आत सावरतो, तेवढी ढील ठेवली की बरं वाटतं.

सम शोधायला नुसत्या चित्रावर जाऊ नका. टेपवर शाईची थाप मोठी दिसते आणि घुमणारी छोटी, म्हणून डोळा चुकीच्या थापेवर जातो. कानाने, अर्ध्या स्पीडवर.

एका जागी मात्र काही केल्या बसेना. दुसरं कडवं संपून धृपद यायच्या आधीचा बार बाकीच्यांपेक्षा अर्ध्या ठोक्याने लांब आहे. मला वाटलं टेप तिथे ताणली गेलीय. मामाला फोन लावून ऐकवलं. तो म्हणाला, "टेपला काय नाय झाला. तो ठोका मी मुद्दाम लांब केलाय, आक्काला दम घ्यायला. त्या कडव्याची शेवटची ओळ लांब हाय ना." एकतीस वर्षांपूर्वीच्या एका ठोक्याचं कारण त्याला लगेच आठवलं. त्या एका बारला टेम्पो खाली आणला आणि तिथली किक काढूनच टाकली, नुसती ढोलकी आणि मावशीचा दम.

१ मार्च : किक आणि ढोलकीची मारामारी

टेम्पो मॅप झाल्यावर किक लावणं दहा मिनिटांचं काम होतं, पण ऐकल्यावर ढोलकीची घुमकी गायब. ती वरखाली सरकते, नि नेमकी किकच्याच पट्ट्यात. शिकवतात असं की किक आली की बाकी सगळं दबलं पाहिजे, त्याला साइडचेन म्हणतात. ते लावलं तर दर ठोक्याला मूळ गाणं हबकून खाली जायचं, क्लबमध्ये छान वाटत असेल, इथे मावशीचा आवाज हेलकावे खात होता.

उलटी साइडचेन केली. ढोलकी आली की किक दबते. आणि इथे डेमक्समधून निघालेली ती फाटकी ढोलकी कामाला आली, कारण ती ऐकवायची नाहीये, फक्त इशारा द्यायचाय. ड्रम आणि बेस दोन्ही पट्ट्या एका ट्रॅकवर ठेवल्या, त्या ट्रॅकचा मास्टरला (शेवटच्या आउटपुटला) जाणारा सेंड बंद केला, तिथून किकच्या ट्रॅकला ३ आणि ४ नंबरच्या चॅनेलवर सेंड दिला आणि किकवरच्या रीकॉम्पमध्ये (रीपरचा आवाज दाबणारा इफेक्ट) डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी केलं. अटॅक २ मिलिसेकंद, रिलीज ९० च्या आसपास, पाचेक डेसिबलची दाब. घुमकी परत आली आणि किक तिच्या मागे उभी राहिली. या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

१५ मार्च : मामाची नवीन ढोलकी

मधल्या तुकड्यात फक्त ढोलकी आणि किक असा सोळा बारचा भाग हवा होता. आधी मामाच्या ढोलकीच्या सुट्या थापा मोबाइलवर घेऊन सॅम्पलरमध्ये टाकल्या आणि कीबोर्डवरून वाजवल्या. थाप खरी, वाजवणं खोटं. एकच थाप पुन्हा पुन्हा तशीच आली की कानाला लगेच कळतं. म्हणून मामालाच बसवलं.

हेडफोनवर गाणं ऐकत त्याने वाजवलं आणि रेकॉर्डिंग बघितलं तर सगळं मागे. गंमत म्हणजे बेताल अजिबात वाटत नव्हतं, वेगळाच आडा ठेका धरल्यासारखं वाटत होतं, मी तर म्हणालो मामाने मुद्दाम काहीतरी वेगळं केलंय. त्याने ऐकलं आणि सरळ सांगितलं की हे मी वाजवलेलं नाही. कारण ब्लूटूथ हेडफोन. त्यातून आवाज ०.२ सेकंदाच्या आसपास उशिरा येतो आणि १०४ च्या लयीत एक मात्रा ०.१९ सेकंदाची, म्हणून सगळं बरोब्बर एक मात्रा मागे पडून नवीन ठेका झाल्यासारखं ऐकू येतं. वायरचा हेडफोन लावला, उशीर कमी करायला इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर, बफर १२८, मग मामाच्या हातात आणि रेकॉर्डिंगमध्ये फरक राहिला नाही. पहिल्याच दमात सोळाच्या सोळा बार झाले.

माइक घुमणाऱ्या बाजूला वीतभर लांब, थोडा तिरका. दोन्ही बाजूंना दोन माइक लावून बघितले, आमच्या खोलीत एकच बरा.

२३ मार्च : मावशीला ऐकवलं

सुरुवातीला नुसता मावशीचा आवाज, मग किक, मग पूर्ण गाणं अशी रचना केली होती. या सुरुवातीसाठी वेगळं काढलेलं गायन वापरलंय, कारण तिथे बेंजो वाजत नाही आणि ते बरंच स्वच्छ निघालं. टेपची सूं ऐकू येऊ नये म्हणून त्यावर नॉइज गेट (बारीक आवाज आला की तो बंदच करणारा इफेक्ट) लावला होता.

मावशीने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "माझा दम कुठं गेला? दम ऐकू नाय आला तर बायका पाय कधी उचलतील?"

गेटने ओळीआधीचा श्वास आणि ओळीच्या शेवटचं उतरतं "हो" दोन्ही कापले होते. स्वच्छ करण्याच्या नादात हे लक्षातच येत नाही, कारण आपण शब्द ऐकत असतो. नाचणाऱ्या बाईला तो श्वास म्हणजे खूण असते. गेट काढून टाकला. त्याऐवजी जिथे खरंच लांब शांतता आहे तेवढ्याच जागी हाताने आवाज उतरवला, श्वासाच्या आधी अर्धा सेकंद परत वर. टेपची थोडी सूं राहिली ती राहू दिली.

६ एप्रिल : बेस-टॉपवर

घरच्या हेडफोनवर झकास. साउंडवाल्याच्या गोडाऊनमध्ये दोन बेस (खालच्या आवाजाचे स्पीकर) दोन टॉपवर (वरच्या आवाजाचे) लावलं तर दोन गोष्टी उघड झाल्या.

एक, मी खाली जो सब (सगळ्यात खालच्या बेसचा सूर) ठेवला होता तो नुसता थरथरत होता, सूर ऐकूच येत नव्हता. काळी एकचा खालचा सूर ३४.६ हर्ट्झ, एवढ्या खाली फंक्शनचे बेस नीट उतरत नाहीत, ताकद नुसती वाया जाते. एक सप्तक वर, ६९ हर्ट्झवर आणला, सूर आखूड केले म्हणजे घुमकीला जागा राहते, आणि थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटका, भरदार करणं) दिलं.

दोन, बेंजोचा मधला तुकडा अर्धा गायब. त्याला रुंद करायला मी स्टिरिओचा एक इफेक्ट लावला होता आणि साउंडवाल्याची सिस्टिम मोनो. गावाकडे बहुतेक मोनोच असते. इफेक्ट काढला. आता मास्टरवर मोनोचं बटण कायम ठेवलंय आणि निम्मं काम त्यातच करतो.

लाउडनेसबद्दल. लिमिटर (वरची टोकं दाबणारा इफेक्ट) दाबून उणे ७ एलयूएफएसपर्यंत नेलं होतं (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं मोठं), मोठं वाटत होतं पण शाईचा टणका चपटा झाला. उणे १० वर ठेवलं. साउंडवाला म्हणाला आवाज वाढवायला माझ्याकडे नॉब आहे, थाप तू सांभाळ.

२० एप्रिल : डीजेला द्यायची फाइल

डीजे दुसऱ्या गाण्यातून यात मिक्स करणार, तर त्याला सुरुवातीला नुसता ठेका लागतो. अडचण ही की त्याचं सॉफ्टवेअर पूर्ण गाण्याला एकच टेम्पो धरून चालतं आणि आपलं गाणं तर १०१ वरून १०९ वर जातं. त्याच्याशी बोलून असं केलं: सुरुवातीला आठ बार नुसती किक-टाळी एकदम स्थिर १०१ वर, शेवटी आठ बार स्थिर १०९ वर. आत येताना आणि बाहेर पडताना त्याला सिंक मिळतो, मध्ये तो हात लावत नाही. १०९ वर संपत असल्याने पुढचं गाणं जोरातलं लावायला त्याला उलट सोयीचंच पडतं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून १६ बिट ४४.१ ची वेव्ह आणि ३२० ची एमपीथ्री दोन्ही दिल्या. बऱ्याच मिक्सरना दुसऱ्या फॉरमॅटचा पेनड्राइव्ह वाचता येत नाही, ऐनवेळी धावपळ होते.

आत्तापर्यंतचा खर्च: इंटरफेस ३,५००, डेक ४३०, वायरचा हेडफोन ९००, केबल आणि अल्कोहोल मिळून ३०० च्या आसपास. रीपरची ट्रायल मार्चमध्येच संपली होती, लायसन्स घेतलं.

१२ मे : हळदीनंतर

वाजलं. आठ-सव्वाआठला लावायला सांगितलं होतं, दहाला स्पीकर बंद करावे लागतात म्हणून डीजेला घाई असते. सुरुवातीच्या नुसत्या आवाजाला अंगणातल्या म्हाताऱ्या बायका ओळखून पुढे आल्या, पोरं मात्र किक परत आल्यावर. तो लांबवलेला ठोका जिथे आहे तिथे किक नसल्याने दोन-तीन पोरं थांबून डीजेकडे बघायला लागली, गाणं अडकलं असं वाटलं त्यांना. बायका थांबल्या नाहीत. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा पोरंही बरोबर उचलत होती, म्हणून तो बार तसाच ठेवतोय.

बदलायचं ते एवढंच: सुरुवातीचा नुसता गायनाचा भाग उघड्यावर बारीक पडला, तिथे मूळ टेपवरची पेटी खाली हळू आणायची. टाळ्यांचा आवाज टॉपवर टोचत होता, ५ किलोहर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी करणार.

मामाला किक नसलेली कॉपी हवीय, फक्त स्पीड सुधारलेली आणि मावशीचा आवाज थोडा पुढे घेतलेली. ती या आठवड्यात काढून पार्टीतल्या सगळ्यांच्या घरी देतो. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे, तिच्यावरही फेल्ट पडलेल्या काळातच कुणीतरी वाजवून टेपला एका जागी चुणी पाडलीय, ती सरळ करायचं काम आधी.